वळसा

सदतीस नंबरचे बूट, आत खोटी लोकर,
आठ हजार द्राम.
बसस्टँडमागच्या नव्या, लख्ख दुकानात.
खोक्यावर कुठल्यातरी लांबच्या शहराचं नाव होतं,
मला ते वाचता आलं नाही.
भूगोल शिकवते मी, सातवीला.

वार्पेत सेरोब बावीस हजार घेतो.
वार्पेत म्हणजे कारागीर, पण नुसता कारागीर नव्हे;
ग्युमरीत ही पदवी कुणी देत नाही,
एक दिवस लोक तशी हाक मारायला लागतात, बस्स.
बावीस हजार,
आणि वर ऐकून घ्यावं लागतं
की तुझ्या डाव्या पायाचा अंगठा बापावर गेलाय.

मी हिशेब केला. दोनदा केला.
आरेगची फी, गॅसचं बिल.
शिक्षिकेचा पगार कसाही मोजला
तरी तेवढाच भरतो.
घेतले आठ हजारांचे.
यात लाजण्यासारखं काय आहे?

एवढंच, की शाळेची वाट
सेरोबच्या खिडकीवरून जाते.
त्याचं दुकान तळघरात, खिडकी अर्धी जमिनीखाली,
त्याला रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत,
फक्त पाय दिसतात.
तोंड चुकवता येतं.
पाय कसे चुकवायचे?

म्हणून नोव्हेंबरपासून मी
जुन्या गिरणीला वळसा घालून जायला लागले.
अकरा मिनिटं जास्त.
उणे अठरात अकरा मिनिटं म्हणजे काय
ते शेगडीपाशी बसून कळायचं नाही.
काळ्या दगडांची घरं, पांढरा रस्ता,
आणि त्यावर उमटत जाणारे
माझे स्वस्त ठसे.

एकदा गिरणीच्या कोपऱ्यावर
हायकानुश भेटली, बेकरीवाली.
"तू इकडून?"
"तू इकडून?"
दोघींनी एकदमच खाली पाहिलं.
तिचे माझ्यासारखेच. फक्त तपकिरी.

जानेवारी संपता संपता उजव्या बुटानं
माशासारखं तोंड उघडलं.
दुकानातली मुलगी म्हणाली,
इथं दुरुस्ती नसते, बाई, नवे घ्या, सवलत चालू आहे.
माझीच जुनी विद्यार्थिनी.
सकाळपासून उभी होती, तिला काय बोलणार.

पाच पायऱ्या उतरून गेले.
सेरोबनं बूट उलटा केला, हुंगला,
म्हणाला, "हे कुठल्या जनावराचं नाही.
बहुतेक कुणाचंच नाही."
आणि टोचा उचलला.
मी भिंतीकडे बघत राहिले.
लाकडी पावलं टांगलेली, जोडीजोडीनं,
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव.
काहींची माणसं अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात गेली,
पावलं अजून खिळ्यावर आहेत.
हायकानुशचं होतं. पोस्टमनचं होतं.
दारामागे, धूळ पुसलेलं, माझं होतं.

"किती झाले?"
"आठशे."
मी पैसे मोजत असताना तो दोरा तोडत म्हणाला,
"गिरणीकडे यंदा बर्फ फार साचलाय, नाही?"

तिथंच उभ्या उभ्या नवे सांगितले, हप्त्यानं.
देशासाठी नव्हे. गावाचं भलं व्हावं म्हणूनही नव्हे,
तेवढी मी मोठी नाही.
मला माझी अकरा मिनिटं परत हवी होती.

फेब्रुवारीत देतो म्हणाला.
फेब्रुवारीत त्याची कंबर धरली,
मार्चमध्ये मनासारखं कातडं मिळेना,
मग मेव्हण्याचा साठावा वाढदिवस आला,
तो तीन दिवस चालला.
बूट हातात पडले तेव्हा एप्रिल सरत होता,
पोरं सदऱ्यावर खेळत होती
आणि बर्फाचं पाणीसुद्धा
गटारांतून कधीच वाहून गेलं होतं.

तरी घातले. आत खरी लोकर,
पाय भट्टीत घातल्यासारखे.
घामाघूम होऊन सरळ वाटेनं शाळेला निघाले,
खिडकीपाशी आले, उगाच जरा हळू चालले.
आतली हातोडी थांबली.
चार पावलं, पाच पावलं.
मग पुन्हा सुरू झाली.